मुलांच्या शाळेसाठी गाव सोडावे काय?

सज्जनहो, परमार्थातल्या शंका कीर्तनात, प्रवचनात फिटतात. प्रपंचातल्या शंका मात्र रात्री जेवणे झाल्यावर घरच्या माणसांत निघतात आणि पुष्कळदा तिथेच अडून बसतात. अलीकडे खेड्यापाड्यांतल्या माळकरी घरांतून अशीच एक शंका वारंवार ऐकू येते : मुलाला चांगली शाळा मिळावी म्हणून गाव सोडून शहरात बिऱ्हाड करावे काय? वरवर पाहता हा खोलीच्या भाड्याचा आणि शाळेच्या फीचा प्रश्न वाटतो. परंतु खोलात गेले म्हणजे ध्यानात येते, की हा धर्माचा प्रश्न आहे. कारण यात एकाचे हित साधताना दुसऱ्या कुणाला तरी किंमत मोजावी लागते. आणि ती कोणी मोजावी हे ठरवताना विवेक लागतो.

सांगोला तालुक्यातील एका वारकरी बंधूंनी हाच प्रश्न विचारणारे तीन पानी पत्र आम्हांस धाडले आहे. गावाचे व घराचे नाव आम्ही सांगत नाही. पत्र एका घराचे असले तरी शंका शंभर घरांची आहे. घरात म्हातारे आईवडील, नवरा-बायको आणि दोन मुले. थोडी डाळिंबाची बाग, दोन म्हशी. वडिलांची आषाढीची वारी वर्षानुवर्षांची. आईचे गुडघे धरलेले, म्हणून तिचे चालणे थांबले आहे. गावातली शाळा चौथीपर्यंतची. मुलाची चौथी झाली. मुलगी थोरली, आठवीत. ती शेजारच्या मोठ्या गावी एस.टी.ने जाते. आता सोलापुरास खोली घेऊन मुलाला इंग्रजी शाळेत घालावे असे नवरा-बायकोच्या मनात आहे. वडील म्हणतात, 'पंढरीच्या वाटेवरचं गाव सोडून कुठं जाता? हा अधर्म आहे.' आणि पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे : 'मुलगी आजीआजोबांपाशी राहील, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकपाण्याची काळजी नाही.' या वाक्याकडे आम्ही मागाहून येऊ.

आधी 'अधर्म' या शब्दाचा विचार करू. विद्येसाठी गाव सोडणे हे आपल्या संप्रदायाला निषिद्ध आहे काय? मुळीच नाही. माउलींचे मूळ घराणे आपेगावचे, वडिलांचे बिऱ्हाड आळंदीस, आणि ज्ञानेश्वरी सांगितली ती नेवाशास, शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये. मुंज नाकारलेल्या त्या चार भावंडांनी शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरली, असे परंपरा सांगते. नामदेवराय पंढरीचे, पण ते थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आजही आदराने गायली जातात. बहिणाबाईंच्या माहेरच्या माणसांना देवगाव सोडून कोल्हापुरापर्यंत जावे लागले, पुढे त्या देहूस आल्या. संतांचे पाय एका जागी बांधलेले नव्हते.

जवळचे उदाहरण घ्या. जोगमहाराजांनी 1917 साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकायला आलेली मुले आपापले गाव आणि शेत सोडूनच आली आणि आजही येतात. त्यांना कुणी अधर्मी म्हणत नाही. जोगमहाराजांचे शिष्य सोनोपंत दांडेकर पुण्यास सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. गळ्यात माळ, हातात टाळ आणि समोर तत्त्वज्ञानाचा वर्ग असे त्यांचे जीवन होते. त्यांच्या माळेला शाळेची अडचण झाली नाही आणि शाळेला माळेची. गाडगेबाबांना स्वतःला अक्षर येत नव्हते. पण जेवायचे ताट विकावे लागले तरी चालेल, मुलांची शाळा थांबू देऊ नका, अशा अर्थाचे ते कीर्तनात तळमळून सांगत. तेव्हा वडिलांना आमचे नम्रपणे सांगणे आहे : शाळेसाठी गाव सोडणे हा अधर्म नव्हे. आणि सोलापूर काही पंढरीला परके नाही, जिल्हा तोच. एकादशी तिथेही धरता येते, संध्याकाळी हरिपाठ तिथेही म्हणता येतो.

आता दुसरी बाजू. गाव सोडणे अधर्म नाही, म्हणून ते आपोआप धर्म ठरते असेही नाही. आपण का जात आहोत, हे जाणाऱ्याने स्वतःशी खरे बोलले पाहिजे. कित्येक ठिकाणी मुलाच्या शाळेचे निमित्त असते आणि खरे कारण भावाभावांतला बांध किंवा सासू-सुनेचे न पटणे असते. कित्येक ठिकाणी चुलतभावाचा मुलगा टाय लावून शाळेत जातो, मग आपलाही गेला पाहिजे, ही ईर्षा असते. उलट न जाणाऱ्यांतही असेच. 'विठोबाला सोडून कसे जावे' असे म्हणणाऱ्याच्या मनात कधी कधी नुसते परक्या गावाचे भय असते. भय असणे हा दोष नव्हे. पण भयाला भक्तीचे नाव देऊ नये, आणि ईर्षेला पुत्रप्रेमाचे. आधी मनातले खरे कारण चारचौघांत नव्हे तरी नवरा-बायकोत तरी बोलले जावे. मग निम्मी शंका तिथेच फिटते.

चांगली शाळा म्हणजे कोणती, हेही पाहिले पाहिजे. इमारत, गाडी, गणवेश आणि इंग्रजी नाव हे सगळे रस्त्यावरून दिसते. आत वर्गात काय चालते ते दिसत नाही, म्हणून आपण दिसते त्यालाच पैसे देतो. अहो, पोराला वाचलेले समजते काय, हिशेब करता येतो काय, अडले तर गुरुजींना विचारायची त्याला भीती वाटते काय, हे विचारा! माढा तालुक्यातले परितेवाडी हे केवढेसे गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा; आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. तेव्हा खेड्यातली शाळा म्हणजे वाईट असे समीकरण नाही. तशी प्रत्येक खेड्यातली शाळा परितेवाडीची नसते, हेही खरे. ज्याने त्याने आपल्या गावची शाळा डोळ्यांनी पाहावी, आणि शहरातलीही पाहूनच पैसे भरावेत.

इंग्रजीविषयी दोन शब्द. विद्या ज्या भाषेत कोंडली होती तिथून माउलींनी ती आपल्या मराठीत आणली, हा आपल्या संप्रदायाचा पाया आहे. आज पुष्कळशी विद्या इंग्रजीत आहे. ती खेड्यातल्या पोरांना मिळू नये असे कोण वारकरी म्हणेल? इंग्रजी शिकलीच पाहिजे. परंतु इंग्रजी शिकणे वेगळे आणि सगळेच विषय न समजणाऱ्या इंग्रजीत घोकणे वेगळे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे. आईवडिलांना मुलाच्या वहीतले वाचता येईनासे झाले, की मुलाच्या आणि त्यांच्या मध्ये एक भिंत उभी राहते. ती पाडायची तयारी असेल तरच त्या शाळेचे दार ठोठवावे.

आता आईवडिलांचा प्रश्न. हा प्रश्न निघाला की पुंडलिकाचे नाव येतेच, आणि यावेही. ज्याच्या दारी देव आला आणि विटेवर तिष्ठत राहिला, तो पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. ही कथा सांगून घरातले वडीलधारे मुलाला अडवतात. पण कथेचा अर्थ 'उंबरठा ओलांडू नको' एवढाच घेतला तर कथा लहान होते. पुंडलिकाने काय केले? हातातली सेवा, समोर केवढाही लाभ आला तरी, त्याने दुसऱ्याच्या गळ्यात टाकली नाही. 'देवा, थांब' असे तो स्वतः म्हणाला. 'बायको, तू पाय चेप, मी देवाला भेटून येतो' असे म्हणाला नाही. आमच्या मते मुद्दा इथे आहे. ज्याचे ऋण त्याने फेडावे.

म्हणून जाणाऱ्या मुलाने आईवडिलांची व्यवस्था स्वतः लावून जावे. औषध कोण आणून देणार, रात्री अपरात्री दवाखान्यात कोण नेणार, म्हशींची धार कोण काढणार, बाग वाट्याने द्यायची की गडी ठेवायचा, महिन्यातून किती वेळा आपण येणार, हे ठरवून जावे. आईवडील बरोबर येत असतील तर उत्तमच. पण त्यांना चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत आणून बसवणे म्हणजे सेवा नव्हे. आणि वडिलांची वारी ज्या दिवशी निघेल त्या दिवशी त्यांना दिंडीपर्यंत पोचवायला मुलगा हजर असावा. शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि आषाढी जून-जुलैत येते, त्यामुळे शाळकरी पोराला सगळी वाट चालता येणार नाही. त्यात पाप नाही. नातवाने एक मुक्काम चालावा, आजोबांनी बाकीचे चालावेत.

आणि आता पत्रातले ते वाक्य.

तीन पानांत मुलाच्या शाळेचे नाव आहे, फी आहे, गाडीची वेळ आहे. मुलीचा उल्लेख एकदाच, आणि तोही स्वयंपाकपाण्याच्या सोयीत. मुलाचे शिक्षण पुढे जावे म्हणून आईवडील शहरात जाणार. आजीआजोबांची सेवा घडावी म्हणून आठवीतली पोर मागे राहणार. म्हणजे नातवाची शाळा आणि लेकाचे पुत्रऋण, दोन्हींची किंमत एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी मोजणार. आणि तिला कोणी विचारलेलेही नाही! पत्रलेखक बंधू दुष्ट आहेत असे आम्ही म्हणत नाही. ते सज्जन आहेत, म्हणून तर त्यांनी विचारले. पण सज्जन घरांतही ही गोष्ट सहज होऊन जाते आणि तिचा कोणाला आवाज येत नाही.

पुढे काय होते ते गावोगावी दिसते. पोर पहाटे उठते, भाकऱ्या थापते, पाणी भरते, आजीला न्हाऊ घालते आणि धावत एस.टी. गाठते. एक दिवस गाडी चुकते. मग आजीचे दुखणे वाढते, आठवडा जातो. सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना छत्र देतो. ही पोर नेमकी त्या छत्राच्या कडेवर उभी आहे. नववीत नाव लागते, पण पोर घरीच. मग कोणीतरी पाहुणा म्हणतो, 'आता हिचं बघा की कुठंतरी.' अठराच्या आत लग्न लावणे गुन्हा आहे हे माहीत असूनही बोलणी सुरू होतात. हे सगळे कुणी ठरवून करत नाही. पहिल्या दिवशी जे एक वाक्य सहज लिहिले, त्याच्या पोटातून ते निघते.

कोणी म्हणेल, 'जनाबाईंनी नामदेवांच्या घरी दळण-कांडण केले, तिथेच त्यांना विठ्ठल भेटला. मग घरकामात कमीपणा कसला?' कमीपणा नाहीच. पण जनाबाई जात्यापाशी थोर झाल्या, हे त्यांचे थोरपण आहे; पोरीला जात्यापाशी बसवणाऱ्याचा तो दाखला नव्हे. देव जनीच्या हाताला हात लावायला आला असे आपण भक्तिभावाने सांगतो. मग आपल्या लेकीच्या हाताला हात लावायला घरातले कोण जाते, हेही विचारावे. आणि मुक्ताबाई? वयाने लहान, भावंडांत धाकटी. तिला चांगदेवांसारख्या योग्याने गुरू मानले. त्या घरात ती धाकटी बहीण म्हणून चुलीपाशी ठेवली असती आणि तिन्ही भाऊच तेवढे विद्येला बसले असते, तर संप्रदायाचे काय झाले असते? लेकीची शाळा हा आपल्याकडे नव्या काळाचा हट्ट नाही. तो मुक्ताईच्या घरचा रिवाज आहे.

यावर पत्रलेखक विचारतील, 'मग आम्ही करावे तरी काय?' वाटा पुष्कळ आहेत. दोन्ही मुलांना घेऊन जावे आणि म्हाताऱ्यांसाठी गडी किंवा नात्यातले माणूस पगार देऊन ठेवावे. तो पगारही मुलाच्या शिक्षणाच्या खर्चात धरावा. किंवा आईने दोन्ही मुलांबरोबर जावे आणि लेकाने आईवडिलांपाशी राहून बाग पाहावी. भाकरी थापायला पुरुषाचे हात काही झिजत नाहीत. किंवा मुलाला सध्या ताई जाते त्याच मोठ्या गावच्या शाळेत पाचवीला घालावे; भावंडे एका गाडीने जातील. मुलींना तर शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत आहे. पाचवीत असतानाच त्याला नवोदय विद्यालयाच्या परीक्षेला बसवावे. ही निवासी विद्यालये 1985-86 पासून सुरू झाली. सहावीला प्रवेश, निदान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना, निदान एक तृतीयांश मुलींना. जागा थोड्या असतात, मिळेलच असे नाही. पण दार आहे. यांतली कोणती वाट धरावी हे आम्ही सांगणार नाही; घरची चूल घरच्यांना ठाऊक. एकच सांगतो : मुलीला मागे ठेवून जाण्याची वाट या यादीत नाही.

एक गोष्ट उरली, ती मागे राहणाऱ्या गावाची. 2009 च्या कायद्याच्या परिशिष्टातले गणित असे आहे : पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक, 61 ते 90 असतील तर तीन. समजा पटावर 62 मुले आहेत. दोन घरे शहरात गेली, दोन मुले कमी झाली, की तिसऱ्या गुरुजींची जागा धोक्यात येते. मग शिकवणे पातळ होते, ते पाहून आणखी दोन घरे निघतात. शेवटी पटावर उरतात ती ज्यांना कुठे जायची ऐपत नाही त्यांची मुले. शाळेसाठी गाव सोडणारे निदान शाळेकडे चाललेले असतात; पण बीडकडची ऊसतोडणीची कुटुंबे दर हंगामात गाव सोडतात तेव्हा त्यांच्या पोरांची शाळाच सुटते. त्यांच्यासाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहे काढावी लागली. तेव्हा 'जावे की राहावे' असा प्रश्न पडणे हीसुद्धा एक सोय आहे, हे आपण विसरू नये.

जाणाऱ्याला गावाचे हे ऋण कसे फेडता येईल? त्याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. किती माळकरी घरांतले पालक तिच्या सभेला जातात? सप्ताहाची वर्गणी गोळा करताना आपण दारोदार फिरतो. सात दिवस अन्नदान होते, ते चांगलेच आहे. त्याच मंडळींनी वर्षातून चार वेळा शाळेच्या ओट्यावर बसून गुरुजींना, बाईंना 'काय कमी आहे?' असे विचारले तर? कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे केले. ती मुले चालवायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्यांनी गावाला शाळेकडे नेले नाही, शाळेला गावाकडे आणले. आपल्याला सगळ्यांना ते साधणार नाही. पण शहरात गेल्यावरही गावच्या शाळेला वर्षाला दहा पुस्तके देणे कोणाला अवघड आहे?

जे जातील त्यांना शेवटची विनंती. 'तुझ्यासाठी आम्ही गाव सोडलं' हे वाक्य मुलाला कधी ऐकवू नका. तुम्ही ठरवले, तुम्ही गेलात. त्याने कर्जाचा कागद लिहून दिलेला नाही. ते ओझे त्याच्या दप्तरात भरले तर निकालाच्या दिवशी पोर घरी यायला भिईल. आणि गावाला, गावच्या भाषेला, आजोबांच्या फेट्याला त्याच्यासमोर हसू नका. जो मुलगा आपल्या आजोबांची लाज धरायला शिकला, त्याची शाळा कितीही मोठी असो, ती वाईटच निघाली.

आपण वारकरी आहोत. चालणे हा आपला धर्मच आहे. पण आपण एकटे चालत नाही, दिंडीने चालतो. पताका पुढे असते, टाळकरी मध्ये, मागे डोईवर तुळस घेतलेल्या मायबहिणी. पुढच्यांचे पाय कितीही उचलले जात असले तरी मागची म्हातारी आणि मागची पोर दिसेनाशी झाली, की दिंडी थांबते. घरही तसेच चालवावे. सोलापुरास जा, पुण्यास जा, नाहीतर गावातच राहून गावची शाळा सुधारा; निघण्याआधी एकदा मागे वळून घरातली माणसे मोजा. मोजणी पुरी भरली, की खुशाल पाऊल उचला.

रामकृष्णहरि.